ट्रिगर चालला म्हणजे रेकॉर्ड बदललं असं नव्हे

प्रश्न थोडक्यात असा: पोस्टग्रेस या डेटाबेसवर 'ग्राहक' नावाचं टेबल आहे, साधारण ४ लाख ओळींचं. रोज रात्री हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून फाइल येते आणि सगळ्याच ओळी अपडेट होतात. बदलांची नोंद ठेवायला अपडेटवर ट्रिगर (आज्ञेसोबत आपोआप चालणारा कोड) लावला, तर नोंदींच्या टेबलात रोज ४ लाख ओळी पडतात. खरे बदल शे-दोनशेच असतात. कोणाचा कोणता कॉलम कधी आणि कोणी बदलला हे नेमकं कसं पकडायचं, आणि ते दुसऱ्या सिस्टिमला कसं कळवायचं? ट्रिगर हा मार्ग बरोबर आहे ना?

मार्ग बरोबर आहे, चूक आहे ती ट्रिगरकडून ठेवलेल्या अपेक्षेत. डेटाबेसच्या लेखी 'अपडेट झालं' याचा अर्थ अपडेटची आज्ञा त्या ओळीवर चालली, इतकाच. उधारी मर्यादा आधीच ५०,००० असलेल्या ओळीवर पुन्हा ५०,००० लिहा, तरी पोस्टग्रेस त्या ओळीची नवी आवृत्ती लिहितो, जुनी मृत ठरवतो, वॉलमध्ये (डेटाबेसच्या बदलांच्या लॉगमध्ये) नोंद करतो आणि ट्रिगरही चालवतो. तेव्हा नोंदींचा ढीग हे फक्त डोळ्यांना दिसणारं दुखणं आहे. न दिसणारं दुखणं म्हणजे मूळ टेबलात रोज पडणाऱ्या ४ लाख मृत ओळी. त्या उचलायला व्हॅक्यूम (मृत ओळी साफ करणारी प्रक्रिया) राबतो आणि टेबल विनाकारण फुगतं.

(खाली आज्ञा आणि फंक्शनं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन लिपी.)

म्हणून पहिला हात ट्रिगरला नको, आयातीला लावा. फाइल थेट ग्राहक टेबलावर ओतू नका. कॉपीने ती एका तात्पुरत्या टेबलात घ्या आणि तिथून अपडेट करताना वेअरमध्ये अट घाला (ग्रा म्हणजे ग्राहक टेबल, आ म्हणजे हे तात्पुरतं टेबल):

वेअर ग्रा.आयडी = आ.आयडी अँड (ग्रा.नाव, ग्रा.पत्ता, ग्रा.मोबाइल, ग्रा.उधारी_मर्यादा) इज डिस्टिंक्ट फ्रॉम (आ.नाव, आ.पत्ता, आ.मोबाइल, आ.उधारी_मर्यादा)

इन्सर्टसोबत ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट (ओळ आधीच असेल तर अपडेट) वापरत असाल तर त्याच्या शेवटीही वेअरमध्ये हीच तुलना चालते, फक्त आ च्या जागी एक्सक्लूडेड लिहायचं. एवढ्यानेच ४ लाखांचे शे-दोनशे होतील. आयातीचा कोड तुमच्या हातात नसेल, तर पोस्टग्रेसमध्ये सप्रेस_रिडंडंट_अपडेट्स_ट्रिगर नावाचं तयार फंक्शन ८.४ आवृत्तीपासून आहे. ते बिफोर अपडेट, फॉर ईच रो असं लावलं की जुनी आणि नवी ओळ तंतोतंत सारखी असेल तिथे अपडेट गिळून टाकतं. पोस्टग्रेस एकाच प्रकारचे ट्रिगर नावाच्या वर्णानुक्रमाने चालवतो. हा सगळ्यात शेवटी चालायला हवा, म्हणून त्याचं नाव झेड अक्षराने सुरू करायची पद्धत आहे. याआधी चालणारा एखादा ट्रिगर 'शेवटचा_बदल' कॉलमात वेळ भरत असेल तर मात्र ओळ दर वेळी वेगळीच ठरते आणि हे फंक्शन काहीच गिळत नाही. वेळ भरणाऱ्या ट्रिगरलाही स्वतःची 'खरंच बदल आहे का' ही अट हवी.

आता तुलनेबद्दल. या कामातल्या बहुतेक चुका इथेच होतात.

इज डिस्टिंक्ट फ्रॉमच का, साधं 'बरोबर नाही' चिन्ह का नाही? कारण नल. मोबाइल कॉलम रिकामा, म्हणजे नल होता आणि आता नंबर आला. नलची कशाशीही तुलना केली की उत्तर नलच येतं, खरं येत नाही. अट फसते आणि बदल निसटतो. उलट नंबर पुसून नल केला तरी तसंच. इज डिस्टिंक्ट फ्रॉम नललाही व्हॅल्यू समजून तुलना करतं. काही जण कोअलेसने नलच्या जागी रिकामी स्ट्रिंग घालून तुलना करतात. तसं केलं की नल आणि रिकामी स्ट्रिंग यांतला फरक पुसला जातो, आणि संख्येच्या कॉलमात शून्य घातलं तर नल ते शून्य हा बदल कधीच दिसत नाही.

ट्रिगरमध्ये ही अट फंक्शनच्या पोटात नको, ट्रिगरच्या व्याख्येत घाला (ओल्ड म्हणजे जुनी ओळ, न्यू म्हणजे नवी):

आफ्टर अपडेट ऑन ग्राहक, फॉर ईच रो, व्हेन (ओल्ड.* इज डिस्टिंक्ट फ्रॉम न्यू.*), एक्झिक्यूट फंक्शन नोंद_करा()

फरक मोठा आहे. आफ्टर प्रकारच्या रो-ट्रिगरची प्रत्येक घटना आज्ञा संपेपर्यंत मेमरीत रांगेत उभी असते. व्हेनची अट त्या रांगेत घालण्याआधीच तपासली जाते, त्यामुळे न बदललेल्या ओळी रांगेत येतच नाहीत. हीच अट फंक्शनच्या आत 'इफ' म्हणून लिहिली, तर ४ लाख वेळा फंक्शन उघडून काही न करता बंद होतं. एक्झिक्यूट फंक्शन हा शब्दप्रयोग ११ व्या आवृत्तीपासूनचा आहे, त्याआधी एक्झिक्यूट प्रोसीजर लिहावं लागे. दोन सूचना: व्हेनमध्ये ओल्ड असेल तर तोच ट्रिगर इन्सर्टसाठी लावता येत नाही, त्याला वेगळा ट्रिगर हवा. आणि टेबलात जेसन प्रकारचा (जेसनबी या त्याच्या बायनरी भावंडाचा नव्हे) कॉलम असेल तर पूर्ण ओळीची तुलना 'इक्वॅलिटी ऑपरेटर सापडत नाही' म्हणून पडते. कॉलम जेसनबी करा हा त्यावरचा सरळ इलाज.

'अपडेट ऑफ उधारी_मर्यादा' असं लिहिलं की फक्त मर्यादा बदलल्यावर ट्रिगर चालेल, हा समज फार पसरलेला आहे. तसं होत नाही. आज्ञेच्या सेटमध्ये त्या कॉलमचं नाव आलं की ट्रिगर चालतो, व्हॅल्यू तीच असली तरी. आणि उलट, दुसऱ्या एखाद्या बिफोर ट्रिगरने मर्यादा गुपचूप बदलली, पण सेटमध्ये तिचं नाव नव्हतं, तर ट्रिगर चालत नाही. म्हणजे नको तेव्हा चालतो आणि हवा तेव्हा गप्प बसतो. बदल ओळखायला त्याचा उपयोग नाही.

गोंगाट करणारे कॉलम हा पुढचा प्रश्न. आयातीची वेळ, शेवटचं लॉगिन, आवृत्ती क्रमांक असे कॉलम दर वेळी बदलतात, पण त्यांना कोणी बदल म्हणत नाही. कॉलम थोडे असतील तर व्हेनमध्ये महत्त्वाच्या कॉलमांचीच नावं लिहा. पुष्कळ असतील तर पूर्ण ओळ टू_जेसनबीने जेसनबीत घ्या, त्यातून नको असलेल्या कॉलमांची यादी वजा करा आणि उरलेल्यांची तुलना करा. (नावांची ॲरे एका फटक्यात वजा करणं १० व्या आवृत्तीपासून जमतं.) दुसऱ्या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे उद्या टेबलात नवा कॉलम आला तर तो आपोआप तपासला जातो. पहिल्या पद्धतीत नवा कॉलम यादीत घालायला माणूस विसरतो आणि चूक सहा महिन्यांनी कळते.

मराठी डेटा असेल तर आणखी एक भानगड आहे, आणि ती इंग्रजी माहितीपत्रकांत सापडणार नाही. पडद्यावर हुबेहूब सारखे दिसणारे दोन शब्द बाइट्सच्या पातळीवर वेगळे असू शकतात. 'कऱ्हाड' घ्या. त्यातला अर्धा ऱ एका कीबोर्डवरून ऱ अधिक हलन्त असा येतो, तर दुसऱ्यावरून र, हलन्त आणि एक अदृश्य झीरो विड्थ जॉइनर असा. 'ॲड.' मधला ॲ कधी युनिकोड ०९७२ हे एकच चिन्ह असतो, कधी अ आणि त्यावर स्वतंत्र चंद्र. हिशेबाचं सॉफ्टवेअर एका पद्धतीने लिहितं, तुमचा वेब फॉर्म दुसऱ्या. परिणामी दिवसा कारकून नाव दुरुस्त करतो, रात्री आयात ते 'बदलते', आणि नोंदीत जुनं-नवं शेजारी पाहणाऱ्याला दोन्ही एकच दिसतं. पोस्टग्रेसचं नॉर्मलाइझ फंक्शन १३ व्या आवृत्तीपासून आहे, पण ते इथे अर्धंच काम करतं. र आणि नुक्ता वेगळे आले असतील तर त्यांचा एकच ऱ करून देतं. जॉइनरचा र्‍ आणि दोन तुकड्यांतला ॲ मात्र तसेच सोडतं, कारण युनिकोड त्यांना समतुल्य मानत नाही. त्या दोन जोड्यांसाठी रिप्लेस स्वतः लिहावं लागतं. सोबत शेवटच्या आणि जोड स्पेस छाटा. ही सफाई तात्पुरत्या टेबलातच करा, वेअरमधल्या तुलनेच्या आधी. बिफोर ट्रिगरमध्ये केली तर साठवलेलं स्वच्छ आणि येणारं अस्वच्छ अशी तुलना होऊन रोज रात्री तेच अपडेट पुन्हा चालेल.

उलटा धोकाही आहे, म्हणजे वेगळं असूनही सारखं ठरण्याचा. साय-टेक्स्ट प्रकारच्या कॉलमात लहान-मोठी रोमन अक्षरं समान मानली जातात. ईमेलचं स्पेलिंग फक्त कॅपिटल केलं तर तो बदल ट्रिगरला दिसत नाही. हवा असेल तर टेक्स्टमध्ये बदलून तुलना करा.

बिफोर की आफ्टर? नोंद ठेवायची असेल तर आफ्टर, यात दुमत नको. बिफोर ट्रिगरच्या वेळी ओळ अजून पक्की झालेली नसते. पुढचा बिफोर ट्रिगर ती बदलू शकतो किंवा अपडेटच रद्द करू शकतो. ऑन कॉन्फ्लिक्टच्या इन्सर्टमध्ये तर बिफोर इन्सर्ट ट्रिगर प्रत्येक ओळीसाठी चालतो, शेवटी ती ओळ अपडेट ठरली तरीही. तिथे नोंद केली की न झालेले इन्सर्ट नोंदले जातात. साठवलेल्या जनरेटेड (इतर कॉलमांवरून आपोआप निघणाऱ्या) कॉलमांची नवी व्हॅल्यू बिफोर ट्रिगर संपल्यावर निघते, त्यामुळे बिफोरमध्ये न्यूमध्ये ती नसतेच. बिफोरचा आणखी एक सापळा: डिलीटवर न्यू नल असतं. सवयीने फंक्शनच्या शेवटी 'रिटर्न न्यू' लिहिलं तर त्याचा अर्थ 'ही ओळ सोडून द्या' असा होतो. डिलीट मुकाट्याने रद्द होतं, एरर येत नाही, फक्त शून्य ओळी डिलीट झाल्याचं उत्तर येतं. डिलीटच्या बिफोर ट्रिगरने ओल्ड परत द्यायचं असतं. आफ्टरमध्ये काहीही परत दिलं तरी चालतं, ते पाहिलंच जात नाही.

नोंदींच्या टेबलात काय असावं? स्वतःचा बिगइंट क्रमांक. स्कीमा (टेबलांचा गट) आणि टेबलाचं नाव, जे ट्रिगरला टीजी_टेबल_स्कीमा आणि टीजी_टेबल_नेम यांतून मिळतं. मूळ ओळीची प्रायमरी की. क्रियेसाठी एक अक्षर. फक्त बदललेल्या कॉलमांचं जुनं जेसनबी आणि नवं जेसनबी. ट्रान्झॅक्शनचा क्रमांक. दोन वेळा. दोन अशासाठी की नाऊ() ही ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ असते. आयात ४० मिनिटं चालली तर सगळ्या नोंदींवर सुरुवातीचीच वेळ पडते. प्रत्यक्ष क्षण हवा असेल तर क्लॉक_टाइमस्टॅम्प().

बदललेले कॉलम काढायला जुनी आणि नवी ओळ टू_जेसनबीने घेऊन जेसनबी_ईचने फोडा, कॉलमच्या नावावर जोडा आणि जिथे व्हॅल्यू वेगळी तेवढंच ठेवा. जेसनबी_ईच_टेक्स्ट वापरू नका. १.० आणि १.०० हे अंक म्हणून समान आहेत, पण टेक्स्ट म्हणून वेगळे, आणि मग रकमांच्या कॉलमात खोटे बदल दिसू लागतात. डिलीटसाठी पूर्ण जुनी ओळ ठेवा, कारण ती पुन्हा कुठूनही मिळणार नाही. इन्सर्टची नवी ओळ ठेवायची की नाही हे मतावर आहे. मूळ टेबलात ती आहेच, आणि पुढचे बदल उलटे लावत गेलं की सुरुवातीची ओळ मिळते. जागा कमी असेल तर फक्त 'इन्सर्ट झालं' एवढी नोंद पुरते.

पासवर्डचे हॅश, आधार क्रमांक, पॅन असे कॉलम या जेसनबीत जसेच्या तसे येऊ देऊ नका. मूळ टेबलावर कडक परवानग्या आणि नोंदींचं टेबल मात्र सगळ्या टीमला उघडं, हे चित्र फार ठिकाणी असतं. अशा कॉलमांसाठी 'बदलला' एवढंच लिहा.

'कोणी बदललं' हा भाग डेटाबेसला एकट्याने येत नाही. ॲप्लिकेशन एकाच डेटाबेस-युजरने जोडलेलं असतं, त्यामुळे सेशन_युजर सगळ्यांसाठी तोच येतो. उपाय असा: ट्रान्झॅक्शन सुरू झाल्यावर ॲपने सेट_कॉन्फिग('ॲप.युजर', '४२', ट्रू) चालवायचं. नावात टिंब हवंच. शेवटचं ट्रू म्हणजे ही सेटिंग या ट्रान्झॅक्शनपुरती. पीजी-बाउन्सर (कनेक्शन वाटून देणारा मधला प्रोग्राम) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल तर हे ट्रू जीवनमरणाचं आहे, नाहीतर एकाची ओळख त्याच कनेक्शनवर आलेल्या दुसऱ्याला चिकटते. ट्रिगरमध्ये करंट_सेटिंग('ॲप.युजर', ट्रू) ने ती वाचा. इथल्या ट्रूचा अर्थ वेगळा आहे: सेटिंग नसेल तर एरर न देता नल द्या. आणि एक खोड: सेटिंग त्या सेशनमध्ये आधी एकदा लावून ट्रान्झॅक्शन संपलं असेल, तर पुढच्या वेळी नल नाही, रिकामी स्ट्रिंग येते. ती पूर्णांकात बदलायला गेलात की एरर आणि त्यासोबत मूळ अपडेटही रद्द. म्हणून नल-इफने रिकामी स्ट्रिंग आधी नल करून घ्या. हेही ध्यानात असू द्या की एसक्यूएल चालवू शकणारा कोणीही ही सेटिंग हवी तशी भरू शकतो. ती ॲपने सांगितलेली ओळख आहे, पुरावा नाही. सोबत सेशन_युजर ठेवाच.

ट्रिगर फंक्शन सिक्युरिटी डिफाइनर करा (ते मग मालकाच्या परवानग्यांनी चालतं), म्हणजे ॲपच्या युजरला नोंदींच्या टेबलावर थेट इन्सर्टचीही परवानगी द्यावी लागत नाही. त्याच व्याख्येत सर्च_पाथ (टेबल कोणत्या स्कीमांत शोधायचं तो क्रम) बांधून टाका, नाहीतर कोणी त्याच नावाचं दुसरं टेबल आधीच्या स्कीमात ठेवून नोंदी वळवू शकतो. सिक्युरिटी डिफाइनरमध्ये करंट_युजर हा फंक्शनचा मालक दाखवतो, त्यामुळे 'कोणी' साठी तो निरुपयोगी.

एका आज्ञेत खरोखरच लाखो ओळी बदलणार असतील, समजा सगळ्यांचा एसटीडी कोड सुधारायचा आहे, तर रो-ट्रिगरऐवजी स्टेटमेंट-ट्रिगर बघा. १० व्या आवृत्तीपासून रेफरन्सिंग ओल्ड टेबल ॲज जुने, न्यू टेबल ॲज नवे असं लिहून आज्ञेने बदललेल्या सगळ्या ओळी दोन टेबलांसारख्या हातात मिळतात. मग प्रायमरी कीवर जोड आणि इज डिस्टिंक्ट फ्रॉमची अट, असं एकच इन्सर्ट पुरतं. ही टेबलं मोठी झाली तर डिस्कवर उतरतात. रो-ट्रिगरच्या घटनांची रांग मात्र मेमरीतच राहते. बंधनं अशी: फक्त आफ्टर, एका ट्रिगरला एकच घटना (इन्सर्ट, अपडेट, डिलीटला तीन वेगळे ट्रिगर, फंक्शन एकच चालतं), आणि कॉलमांची यादी देता येत नाही. खरी अडचण वेगळीच आहे. त्या अपडेटने प्रायमरी कीच बदलली तर जुनी आणि नवी ओळ जोडायला धागा उरत नाही. तुमच्या रात्रीच्या कामात वेअर लावल्यावर शे-दोनशेच ओळी उरतात, तिथे रो-ट्रिगरच सोपा.

ट्रिगरला काय दिसत नाही, हेही माहीत हवं. ट्रंकेट (टेबल एकदम रिकामं करणं) केलं की डिलीटचा रो-ट्रिगर चालत नाही. त्यासाठी आफ्टर ट्रंकेटचा स्टेटमेंट-ट्रिगर वेगळा लावावा लागतो, आणि त्यालाही ओळी मिळत नाहीत, फक्त घटना कळते. परवानगीच काढून घेणं जास्त शहाणपणाचं. कॉलमचा प्रकार बदलणारं ऑल्टर टेबल पूर्ण टेबल पुन्हा लिहितं, तरी ट्रिगर गप्प. पार्टिशन (वेगळे साठवलेले तुकडे) असलेल्या टेबलात एखादी ओळ अपडेटमुळे दुसऱ्या पार्टिशनमध्ये गेली, तर आतून ते डिलीट आणि इन्सर्ट होतं. आफ्टर अपडेट चालत नाही, आफ्टर डिलीट आणि आफ्टर इन्सर्ट चालतात, आणि नोंदीत ग्राहक गेला आणि नवा आला असं दिसतं. सेशन_रेप्लिकेशन_रोल रेप्लिका केला की साधे ट्रिगर बंद होतात. लॉजिकल रेप्लिकेशनने (बदल दुसऱ्या सर्व्हरवर पाठवण्याच्या सोयीने) आलेले बदलही म्हणूनच समोरच्या सर्व्हरवर ट्रिगर चालवत नाहीत. तिथे हवा असेल तर इनेबल ऑलवेज ट्रिगर असं मुद्दाम सांगावं लागतं.

आणि टेबलाचा मालक डिसेबल ट्रिगर म्हणू शकतो. हा केवळ तांत्रिक मुद्दा नाही. कंपनीच्या हिशेबाच्या पुस्तकांसाठी वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद हवी आणि ती बंद करता येऊ नये, अशी अट कंपनी (लेखे) नियम, २०१४ मध्ये १ एप्रिल २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षासाठी लागू झाली. ज्या युजरने ॲप चालतं तोच टेबलांचा मालक असेल (बहुतेक फ्रेमवर्क मायग्रेशन, म्हणजे टेबलांच्या रचनेतले बदल, त्याच युजरने चालवतात), तर 'बंद करता येत नाही' असं म्हणता येणार नाही. मालक वेगळा, ॲपचा युजर वेगळा, नोंदींच्या टेबलावर ॲपला अपडेट-डिलीट-ट्रंकेट यांपैकी काही नाही, एवढी विभागणी करा. सुपरयुजरला डेटाबेसच्या आतून रोखता येत नाही. त्यासाठी नोंदींची प्रत दुसऱ्या यंत्रावर जायला हवी.

दुसऱ्या सिस्टिमला कळवण्याचं काम ट्रिगरमधून थेट करू नका. ट्रिगरमधून वेब-कॉल किंवा ईमेल केला की समोरचा सर्व्हर हळू असेपर्यंत ओळीवरचा लॉक तसाच राहतो, आणि मूळ ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं तरी ईमेल गेलेला असतो. ट्रिगरने त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये एका रांग-टेबलात ओळ टाकावी आणि वेगळ्या प्रोसेसने ती उचलावी.

ती उचलताना होणारी एक चूक वर्षानुवर्षं दडून राहते. 'शेवटचा वाचलेला क्रमांक ५००, आता ५०० च्या पुढचे द्या' ही पद्धत. सीक्वेन्सचा (आपोआप वाढत जाणारा) क्रमांक इन्सर्टच्या वेळी मिळतो, कमिटच्या वेळी नाही. एका ट्रान्झॅक्शनने ५०१ घेतला आणि ते रेंगाळलं, दुसऱ्याने ५०२ घेऊन कमिट केलं. वाचणाऱ्याने ५०२ पाहिला आणि खूण पुढे सरकवली. नंतर ५०१ कमिट झाला, तो कायमचा सुटला. कमी गर्दीत हे महिन्यातून एकदा घडतं आणि कोणी तरी 'नेटवर्कचा प्रॉब्लेम' म्हणून सोडून देतं. वेळेच्या कॉलमावर खूण ठेवली तरी हेच होतं. सोपा इलाज म्हणजे खूणच ठेवू नका. वाचणाऱ्याने सिलेक्ट फॉर अपडेट स्किप लॉक्डने (दुसऱ्याने लॉक केलेल्या वगळून) ओळी घ्याव्या, काम करावं, त्या डिलीट कराव्या आणि कमिट करावं. अनेक वाचक असतील आणि डिलीट चालणार नसेल, तर प्रत्येक ओळीत पीजी_करंट_एक्सॅक्ट_आयडी (चालू ट्रान्झॅक्शनचा आयडी) साठवा आणि पीजी_स्नॅपशॉट_एक्समिनपेक्षा (अजून चालू असलेल्या सर्वांत जुन्या ट्रान्झॅक्शनच्या आयडीपेक्षा) लहान आयडीच्याच ओळी वाचा (ही नावं १३ व्या आवृत्तीपासूनची). खूण मग आयडी आणि क्रमांक या जोडीची. लिहिणारं एखादं ट्रान्झॅक्शन तासभर उघडं राहिलं तर वाचक तासभर थांबेल, पण काही सुटणार नाही.

नोटिफाय (ऐकणाऱ्या कनेक्शनला निरोप देणारी आज्ञा) फक्त घंटा म्हणून वापरा. त्यातला मजकूर ८,००० बाइट्सच्या आत हवा. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट्स घेतं, म्हणजे जेमतेम २,६६६ चिन्हं. ऐकणारा त्या क्षणी जोडलेला नसेल तर निरोप हवेत जातो. रांगेत काहीतरी आलं एवढं सांगायचं, तपशील टेबलातून वाचायचा, आणि घंटा चुकली तरी दर ३० सेकंदांनी एकदा डोकवायचं.

ट्रिगरमध्ये एरर आली की मूळ अपडेट पडतं. नोंदींच्या टेबलाची डिस्क भरली की धंदा थांबतो. काही जण यावर फंक्शनमध्ये एक्सेप्शन ब्लॉक घालून सगळ्या एरर गिळतात. मग दोन गोष्टी होतात: नोंद चुकल्याचं कोणालाच कळत नाही, आणि असा प्रत्येक ब्लॉक एक सब-ट्रान्झॅक्शन उघडतो. एका ट्रान्झॅक्शनमध्ये लिहिणारी सब-ट्रान्झॅक्शनं ६४ हून अधिक झाली की ती सर्व्हरच्या जलद यादीत मावत नाहीत आणि इतर सगळ्यांच्याही क्वेरी मंदावू शकतात. नोंद कायद्याने लागत असेल तर अपडेट पडणंच योग्य. डिस्क भरू नये म्हणून टेबल महिन्यागणिक पार्टिशन करा, मुदत संपलेलं पार्टिशन ड्रॉप करा, आणि वेळेच्या कॉलमावर ब्रिन इंडेक्स (ब्लॉकांच्या गटागणिक फक्त किमान-कमाल व्हॅल्यू ठेवणारा) ठेवा. नोंदी काळाच्या क्रमाने येत असल्यामुळे तो छोटा राहूनही भागवतो.

दुसरा डेटाबेस असेल तर. मायएसक्यूएलमध्ये फक्त रो-ट्रिगर आहेत. नल-सुरक्षित तुलनेचं चिन्ह <=> आहे, ते नॉट लावून वापरा. तिथली नेहमीची कोलेशन (अक्षरांच्या तुलनेचे नियम) लहान-मोठी अक्षरं समान मानतात, म्हणून तुलना बायनरी कोलेशनने करा. आवृत्ती ८.० मध्ये फॉरेन कीच्या कॅस्केडने झालेले बदल ट्रिगर चालवत नाहीत. पोस्टग्रेसमध्ये मात्र ते चालवतात. रिप्लेस इंटू वापरलं की अपडेटऐवजी डिलीट आणि इन्सर्ट दिसतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्रिगर आज्ञेला एकदा चालतो आणि इन्सर्टेड, डिलीटेड ही दोन टेबलं मिळतात. एकच ओळ आहे असं धरून व्हेरिएबलमध्ये व्हॅल्यू घेणं ही तिथली सार्वत्रिक चूक. अपडेट(कॉलम) हे फंक्शन व्हॅल्यूबद्दल नाही, सेटमधल्या नावाबद्दल सांगतं. बल्क इन्सर्ट फायर_ट्रिगर्स सांगितल्याशिवाय ट्रिगर चालवत नाही. ओरॅकलमध्ये रो-ट्रिगरमधून तेच टेबल वाचलं की ०४०९१ क्रमांकाची म्युटेटिंग टेबल एरर येते, त्यावर ११जी पासून कंपाउंड ट्रिगर आहे. शिवाय तिथे रिकामी स्ट्रिंग म्हणजेच नल.

बदलांची टेबलं डझनावारी असतील, लिहिण्याचा वेग मोठा असेल आणि 'कोणी' याचं उत्तर नको असेल, तर ट्रिगर सोडून वॉल वाचणारं लॉजिकल डिकोडिंग बरं. डेबेझियम हे साधन हेच करतं. मात्र जुन्या व्हॅल्यू हव्या तर रेप्लिका आयडेंटिटी (वॉलमध्ये जुन्या ओळीचं किती लिहायचं ती सेटिंग) फुल करावी लागते, आणि वाचणारा बंद पडला तर त्याचा स्लॉट (कुठवर वाचलं याची सर्व्हरवरची खूण) वॉल धरून ठेवतो, अगदी डिस्क भरेपर्यंत. १३ व्या आवृत्तीपासून मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइजने त्याला मर्यादा घालता येते. मूळ स्थिती अमर्याद आहे, ती तशी ठेवू नका.

चालू सर्व्हरवर ट्रिगर लावताना आधी लॉक_टाइमआउट ३ सेकंद करा. क्रिएट ट्रिगरला टेबलावर शेअर रो एक्सक्लुझिव्ह लॉक लागतो. ग्राहक टेबलावर लिहिणारं एखादं लांब ट्रान्झॅक्शन आधी चालू असेल, तर क्रिएट ट्रिगर त्याच्यामागे उभा राहतो आणि नंतर आलेली सगळी अपडेट क्रिएट ट्रिगरच्या मागे. टाइमआउट झाला तर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न.

लावण्याआधी चाचणीच्या डेटाबेसवर इतकं तपासा. तीच व्हॅल्यू पुन्हा लिहा: शून्य नोंदी. नल ते व्हॅल्यू आणि व्हॅल्यू ते नल: प्रत्येकी एक. नल ते नल: शून्य. फक्त आयात_वेळ बदला: शून्य. एका आज्ञेत १,००० ओळी घ्या, त्यातल्या १० खरोखर वेगळ्या: नेमक्या १०. अपडेट करून रोलबॅक: शून्य, सीक्वेन्समध्ये खाच पडेल, ती चालते. डिलीट: एक नोंद, आणि मूळ ओळ खरंच गेली का हेही बघा. ऑन कॉन्फ्लिक्टने अस्तित्वात असलेली ओळ: एक अपडेट, इन्सर्ट नाही. ॲप.युजर न लावता अपडेट: नोंद पडावी, 'कोणी' नल, एरर नाही. तेच एकदा लावून, कमिट करून, त्याच कनेक्शनवर दुसऱ्यांदा न लावता: पुन्हा नल. 'कऱ्हाड' दोन्ही प्रकारांनी लिहिलेली फाइल आयातीतून घाला: शून्य. आणि दोन विंडो उघडून पहिल्या ट्रान्झॅक्शनचा कमिट दुसऱ्याच्या नंतर करा, मग रांग वाचणाऱ्याला दोन्ही मिळाले का ते मोजा.